न सांगितलेला लाल

कोष्टीपुऱ्यात गल्लीभर ताणा पसरलेला असला की शेळ्यासुद्धा बाजूने जातात. देवराव मात्र सरळ आत शिरला!

आता त्यात त्याचाही फारसा दोष नव्हता म्हणा. हस्ताचे दिवस, आभाळ भरून आलेलं. रामाजी कोष्ट्याने सकाळीच वीस हात लांब सूत दोन खांबांमध्ये ताणून त्याला पेज लावून ठेवलेली, म्हणजे सूत मागावर चढण्याआधी कडक व्हावं. टपटप थेंब पडायला लागले तशी त्याची लेक मनकर्णा सूत गुंडाळायला धावली. आणि समोरून हा बाबा डोक्यावर पोतं घेऊन, मान खाली घालून, पावसाला चुकवत आला तो थेट मधोमध! तटतटतट सूत तुटलं.

"अव माय! डोळे फुटले काय तुमचे?" मनकर्णा ओरडली.

तो जागच्या जागी थांबला. पोतं खाली घसरलं, पाऊस तोंडावरून ओघळू लागला, तरी हलला नाही.

"हललो तर आणखी तुटन," तो हळूच म्हणाला. "सांगा बाई, कोठून निघू?"

मनकर्णाच्या तोंडात दुसरी शिवी तयार होती. ती तिथेच राहिली. सुताची कदर असलेला माणूसच असा उभा राहतो... तिने वाकून एकेक तंतू बाजूला केला, त्याची वाट मोकळी केली. पाऊस दोघांच्याही डोक्यावर सारखाच पडत होता.

ओसरीवरून आत्याने, प्रयागबाईने, फर्मान सोडलं. "तोडलं ना? मंग सांधून जा. आमच्यात रीतच आहे गा, ज्यानं तोडलं त्यानं सांधायचं."

चौसष्ट धागे तुटले होते. एका बाजूने तो, दुसऱ्या बाजूने ती, मध्ये ओलं सूत. टोकाला टोक लावायचं, पीळ द्यायचा, पुढचा घ्यायचा. मनकर्णाच्या नजरेस त्याची नखं पडली. कडेकडेने लाल... गडद, डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल.

"मेंदी लावता काय?" तिने तोंड दाबून विचारलं.

"नाही. कामाचा रंग आहे."

"कोणतं काम?"

"होतं. आता नाही," तो म्हणाला, आणि पुढचा धागा घ्यायच्या ऐवजी चुकून तिचं बोट घेतलं. चुकून म्हणजे... तो तरी तसंच म्हणाला.

तेवढ्यात रामाजी इतवारीच्या बाजारातून परत आला. तुटलेला ताणा पाहून त्याने तोंड उघडलं, मग त्याला ती नखं दिसली आणि ते तोंड तसंच उघडं राहिलं.

"चंपतरावाच्या रंगखान्यात होता काय गा तू?"

"होतो. बारा वर्षं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काढलं. माझ्या जागी भाच्याले बसवलं त्यानं."

"मनकर्णा!" रामाजी ओरडला. "चहा ठेव वं! अन् गूळ हात राखून नको टाकू!"

रामाजी परक्याच्या चहात गूळ हात राखून नको टाकू म्हणतो, ही गोष्ट कोष्टीपुऱ्यात दिवाळीपर्यंत चर्चेला पुरली असती. कारण साधं होतं. रामाजीच्या लुगड्याचा काठ म्हणजे दुहेरी करवत, बारीक दात, नागपुरात दुसऱ्या कोणाला जमत नसे. पण काठाचं लाल सूत तो बाजारातून घ्यायचा, विलायती पुडीच्या रंगात रंगवलेलं, आणि पहिल्याच धुण्यात तो लाल लुगड्याच्या पांढऱ्या अंगावर पसरायचा. बाया लुगडं परत आणून तोंडावर फेकायच्या. न उतरणारा लाल सगळ्या गावात एकट्या चंपतरावाकडे, आणि चंपतराव ते सूत स्वतःच्या मागांशिवाय कोणाला देत नसे. कृती त्याला ठाऊक, आणि त्याच्या हाताखाली बारा वर्षं भट्टी सांभाळणाऱ्या देवरावला.

देवराव कळमेश्वरचा, इथे महाल भागात एका नातेवाइकाकडे राहायचा. रामाजीने त्याला दुसऱ्याच दिवसापासून ताण्याला पेज लावायच्या कामावर ठेवलं. आणि लेकीला स्वयंपाकघरात गाठून कानात म्हणाला, "चहा देता देता विचारत जा. पुरुष माणूस चहा पेता पेता लय बोलते."

"बाबा!"

"काय बाबा? चंपतरावाचा लाल जो ह्या घरात आणन त्याले मी लेक देईन, जा! नाही तर उमरेडचं स्थळ बसलंच आहे दारात. कार्तिकात हो म्हणून टाकतो."

उमरेडचा मुलगा एकदा पाहून गेला होता. मनकर्णाला त्याच्याबद्दल काही वाटलं नव्हतं, वाईटसुद्धा नाही. पण बापाचं हे बोलणं ऐकलं आणि ती गुळाचा डबा उघडायला वळली. आनंद झाला म्हणावं, तर लेक म्हणजे काय सुताच्या लडीच्या बदल्यात द्यायची वस्तू? राग आला म्हणावं, तर मग चहात गूळ टाकताना हसू कसलं येत होतं?

पहिल्या दिवशी तिने सरळ विचारून टाकलं. "तुमच्या त्या लालात काय टाकतात हो?"

देवरावने कप खाली ठेवला. "बाबानं सांगतलं विचारायले?"

खोटं बोलावं की नाही, हे ठरायच्या आत तिची मान हलली होती. "हो."

तो मोठ्याने हसला. "मंग बाबाले सांग, चंपतरावाच्या देव्हाऱ्यासमोर मी बेलभंडार उचलला आहे. कामावर लागलो त्या दिवशी."

"पण त्यानं तर तुम्हाले काढून टाकलं!"

"कामावरून काढलं वं," तो म्हणाला. "शपथेतून कुठं काढलं?"

ती उठून चालली तर त्याने मागून विचारलं, "अन् हा चहा? बाबाचा का तुझा?"

‘बाई’वरून तो ‘तू’वर कधी आला, हेच मनकर्णाच्या आधी लक्षात आलं. ती आत गेली आणि रिकाम्या चुलीवर रिकामं भांडं ठेवून बसली.

त्यानंतर तिने पुन्हा विचारलं नाही. देवाशपथ नाही! पण देवराव बोलायचा. लाल सोडून जगातल्या सगळ्या रंगांवर बोलायचा. हळदीचा पिवळा उन्हात का पळतो, निळीच्या हौदाला वास का येतो, हिरड्याचं पाणी लोखंडाच्या कढईत काळं कसं होतं... पेजेचा ब्रश सुतावरून फिरत राहायचा, आणि मनकर्णा दुसऱ्या टोकाला सुताचा रहाट फिरवत ऐकत राहायची. तिला वाटायचं, हा माणूस बोलत असावा आणि सूत संपू नये.

"तुले रंगाची एवढी हौस काहून वं?" तो विचारायचा.

"रंगाची कोण म्हणते?" ती म्हणायची आणि लगेच रहाटाकडे पाहायची.

आता एखाद्याचं बोलणं इतकं मन लावून ऐकलं की त्याचं न बोलणंही ऐकू यायला लागतं. एकदा विहिरींवरून गोष्ट निघाली. देवरावने गावातल्या नऊ विहिरी मोजून दाखवल्या, हिचं पाणी गोड, तिचं जड, अमकीचं फक्त गुरांच्या कामाचं. मनकर्णाने भाकरी थापता थापता त्या पुन्हा मोजल्या. नऊच. आणि रंगखान्याला जाताना रोज जी दहावी लागते, जिच्याजवळून तो बारा वर्षं गेला असेल, तिचं नावच नाही!

दुसऱ्यांदा तेलांवरून. करडी, जवस, तीळ, सगळ्यांना नावं ठेवून झाली, आणि एका तेलापाशी आला तशी त्याची गाडी पेरूंवर गेली. पेरू! हातातली भाकरी तव्यावर करपली तरी मनकर्णाला कळलं नाही. तिसऱ्यांदा, सूत किती दिवस वाळवायचं यावरून... तर असं. कोणती विहीर, कोणतं तेल, ते मला विचारू नका. ज्यांनी सांगितलं नाही त्यांची गोष्ट सांगताना मी कशी सांगू?

एक दिवस तिने परसातल्या चुलीवर लहानसं मडकं चढवलं. का चढवलं, हे तिला धड सांगता आलं नसतं. बापासाठी? स्वतःसाठी? की आपण त्याला किती ओळखतो, ते बघायला? पंसाऱ्याकडून सगळ्या कोष्ट्यांना ठाऊक असलेल्या रंगाच्या मुळ्या आणल्या, पाणी त्या दहाव्या विहिरीचं, आणि जिथे जिथे देवराव गप्प झाला होता तिथे तिथे तिने ती ती वस्तू टाकली. आठव्या दिवशी सुताची लडी परातीत धुतली. एकदा, दोनदा, रिठ्याने, मग कढत पाण्याने. पाणी नितळ! लडी लालबुंद, आणि परातीचा तळ स्वच्छ दिसत होता.

मनकर्णाने लडी पुन्हा पाण्यात बुडवून पाहिली. हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. एवढे दिवस आपण त्याचं ऐकत होतो... की चोरत होतो?

लडी पदराखाली घेऊन ती तशीच गल्लीत गेली. देवराव ब्रश धूत होता.

"हे पाहा," ती म्हणाली.

त्याने लडी घेतली. ओल्या धोतरावर घासली. नखाने खरवडली. उन्हात धरली. मग त्याचा चेहरा पांढरा पडला.

"कोणी सांगतलं?"

"तुम्ही."

"मी? कधी?"

"तुम्ही गप्प राहिले ना... विहिरीपाशी. तेलापाशी. पेरूच्या वेळी."

"पेरूच्या वेळी," तो पुटपुटला. ब्रश हातातून कधी पडला ते त्याला कळलंही नाही. "म्हणजे शपथ मोडली का माझी? मी तर एक शब्द... नाही, मोडलीच. का नाही मोडली?"

"मले काय माहीत? मलेच काही समजून नाही राहिलं."

"चहा बाबाचा होता ना?" त्याने एकदम विचारलं.

"पहिले तीन बाबाचे," ती म्हणाली. खोटं तिला आजही सुचलं नाही. "मंगचे कोणाचे होते ते... बाबाचे नव्हते एवढं नक्की."

मग त्याने लडी तिच्या हातात ठेवली. "माझं बोलणं तर बोलणं, माझं गप्प बसणंबी धोक्याचं झालं. मी इथं राहून नाही जमायचं." आणि तो निघून गेला, ब्रश तिथेच सोडून.

एक दिवस झाला, दोन झाले, चार झाले. कार्तिक दारात आला. मनकर्णा वेड्यासारखी करत होती. मिठाच्या जागी साखर, साखरेच्या जागी मीठ. त्याला आपण आवडतो म्हणून तो गेला, की आवडत नाही म्हणून? जितकं उलगडायला जावं तितका गुंता वाढायचा.

पाचव्या दिवशी प्रयागबाईला पिठाच्या डब्यामागे ती लडी सापडली, आणि तिने ती भावापुढे आणून टाकली. रामाजीने थुंकी लावून घासली, आणि बाप्पा रे! साठीचा माणूस ओसरीवर नाचला.

"सांगतलं त्यानं! पोरीले सांगतलं! उमरेडवाल्याइले आजच नाही म्हणून कळवतो. देवरावच आपला जावई. चाल वं, सांग आता, काय काय टाकलं?"

मनकर्णा दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. चार शब्द बोलायचे की झालं. विहिरीचं नाव, तेलाचं नाव. चार शब्दांत देवराव मिळत होता. आणि त्याच चार शब्दांनी तो सगळ्या नागपुरात शपथमोड्या ठरणार होता. आपण सांगितलं तर जो मिळेल तो देवराव कोणता असेल?

"त्यानं नाही सांगतलं," ती म्हणाली. "मले माहीत आहे. पण मी नाही सांगत."

"काय म्हणते?"

"बाबा, तुमच्या दुहेरी करवतीची उचल, कोणता धागा केव्हा उचलायचा ते, तुम्ही मले शिकवली काय कधी? दार लोटून विणता."

"लेकीले कोण शिकवते?" रामाजी चिडला. "लेक म्हणजे उद्या परक्या घरची!"

"उद्याची कशाले, मी झाली बाबा," मनकर्णा म्हणाली. तोंड तापलं होतं, पण आवाज थांबला नाही. "त्याचीच झाली. मंग त्या घरची गोष्ट ह्या घरात कशी सांगू?"

प्रयागबाईच्या हातातलं सूप खाली पडलं. बोलून गेल्यावर मनकर्णाला स्वतःचंच बोलणं ऐकू आलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला एक गोष्ट स्वच्छ कळली.

रामाजी पायात वहाणा अडकवून तडक महालात गेला, देवरावला जाब विचारायला. तासाभरात परत आला तो डोकं धरूनच.

"मले तर काही उमजून नाही राहिलं बाप्पा! त्याले म्हटलं, लाल आला, आता लेक घे. तर म्हणते, रंगाच्या बदल्यात लेक घेतली असं होईन, मी नाही येत. म्हटलं, तुले पोरगी नाही पाहिजे काय? तर रडते! ज्याले रंग माहीत तो रडते, जिले सापडला ती भांडते, अन् मी कोष्टी असून मधात उल्लूसारखा उभा!"

तो रडला, हे मनकर्णाने मनात तीनदा म्हणून पाहिलं. मग ओल्या डोळ्यांनी ती सुपातले अजून तसेच सांडलेले तांदूळ गोळा करायला बसली.

"उल्लूच आहेस," प्रयागबाई म्हणाली. "अरे, तो उमरेडचा पोरगा आठवते ना? चहाचा कप संपायच्या आत काकाचं भांडण, मावशीचं पळणं, आपल्या घरची सारी भानगड सांगून गेला. उद्या तुझी करवत त्याले शिकवली तर पोळ्यापर्यंत साऱ्या उमरेडच्या मागावर चढन. अन् हा देवराव... ज्यानं लाथ मारून काढलं त्याचं गुपित पोटात घेऊन हिंडून राहिला. तुले पोरगा नाही रामाजी. तुझी करवत कोणाच्या हाती देशील?"

रामाजी मागावर जाऊन बसला, पण संध्याकाळपर्यंत धोटा काही सरकला नाही. सकाळी उठला, लडी उचलली, आणि पुन्हा महालाची वाट धरली.

या वेळी परत आला तो देवरावला घेऊन. लडी देवरावच्या हातात होती.

"त्याची वस्तू त्याले देऊन टाकली," रामाजी लेकीकडे न पाहता म्हणाला. "म्हटलं मले लाल नाही पाहिजे. जावई पाहिजे, करवत शिकायले. काय पाहून राहिली वं? चहा ठेव."

मनकर्णा चहा घेऊन आली तोवर रामाजी मागावर गेला होता. ओसरीवर दोघंच होते. आत्या अगदी दारामागे उभी होती, पण ती मोजायची नाही.

"मी चंपतरावाकडे गेलो होतो," देवराव म्हणाला. "सारं सांगतलं. पेरूबी सांगतले."

"मंग?"

"आधी लय बोलला. मंग हसला. म्हणे, शपथ द्यायच्या वेळी पेरूचं माह्याबी लक्षात नाही आलं. म्हणे, त्या पोरीचं तोंड बंद राहीन काय?"

"तुम्ही काय सांगतलं?"

"म्हटलं, मले माहीत नाही. मले तर तिच्या मनातलं काहीच माहीत नाही." त्याने कप हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. "हा कोणाचा?"

"माझा," मनकर्णा म्हणाली. "सगळेच माझे होते वाटते... पहिले तीनबी."

लग्न मार्गशीर्षात लागलं. नवरीचं लुगडं रामाजीने स्वतः विणलं, दुहेरी करवतीचं, आणि काठाला लाल तोच, बाजारचा, पुडीतला. दुसरा आणणार कुठून? एका मडक्याच्या अंतरावर पक्का लाल होता, नवऱ्याला ठाऊक, नवरीला ठाऊक, आणि दोघांपैकी एकानेही मडकं चढवलं नाही. मांडवाखाली पहिल्या रांगेत चंपतराव बसला होता, डोळे बारीक करून नवरीचा काठ पाहत.

मंगलाष्टकं संपली, दोघांची गाठ बांधली, आणि ध्यानीमनी नसताना आभाळ फुटलं. मार्गशीर्षात पाऊस! मांडवाच्या पाल्यातून धो धो पाणी. लोक पळाले. गाठ बांधलेले दोघं कुठे पळणार? उभे राहिले भिजत. आणि नवरीच्या काठाचा लाल निघाला जो, तो तिच्या लुगड्यावरून गाठीत, गाठीतून नवऱ्याच्या पांढऱ्या शेल्यावर, शेल्यावरून थेट धोतरापर्यंत. नवरदेव नखशिखांत गुलाबी!

अख्खा कोष्टीपुरा खदखदून हसला. "अरे, रंगारी म्हणतात ह्याले!" कोणीतरी ओसरीवरून ओरडलं. "देवराव, बायकोचं लुगडं तरी पक्कं रंगवायचं होतं गा!" चंपतराव तेवढा हसत नव्हता. तो उठला, भिजत पुढे आला, आणि देवरावच्या डोक्यावर हात ठेवून तसाच उभा राहिला.

मनकर्णाने चोरून नवऱ्याकडे पाहिलं. आता हा खाली मान घालेल, आता गप्प होईल, असं तिला वाटलं. पण देवरावने शेल्याचं गुलाबी टोक उंच धरलं, सगळ्यांना दिसेल असं.

"ह्या रंगाची कृती पाहिजे काय कोणाले?" तो गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला. "या, सगळ्याइले सांगतो! एक कोष्ट्याची लेक घ्यायची, लय जिद्दी पाहून. तिच्या पदराले आपला पदर घट्ट बांधायचा. पाऊस आला तर सोडायचा नाही. बस! ह्याच्यात लपवण्यासारखं काहीच नाही!"

मनकर्णाने लाजून दोन्ही हातांनी तोंड झाकलं, तर तिचे गालही लाल झाले, हाताला लागलेल्या रंगाने.